गुडघ्यांपुरती जागा

बायको गेल्यानंतर सुताराने घरातल्या बऱ्याच गोष्टी देऊन टाकल्या. तिचे कपडे, चपला, शिवणाचं यंत्र, कुंड्या. कुणी मागितलं की तो हो म्हणे आणि वस्तू स्वतः उचलून दारापर्यंत आणून देई. लोकांना वाटलं, माणूस धीराचा आहे. त्याला स्वतःला तसं काही वाटत नव्हतं. वस्तू होत्या, आता लागणार नव्हत्या, एवढाच हिशेब.

गाडीचं कुणी विचारलं नव्हतं. ती घरामागच्या शेडमध्ये उभी होती. जुन्या घडणीची, गोल पाठीची, पुढे डोळ्यांसारखे दोन दिवे असलेली गाडी. तिच्या वेळच्या बहुतेक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या. ही टिकली, कारण बायकोने ती जिवापाड जपली.

मग एका सकाळी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण. अंगाने, उंचीने, बोलण्याच्या झटक्याने अगदी बहिणीची प्रत. चहा पिऊन झाल्यावर तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "भावजी, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार की."

"गाडीचं काय करणार?"

"गाडीचं काय करायचं असतं?"

"चालवायची असते," मेहुणी म्हणाली. "बाबांची गाडी ती. बाबा गेल्यावर ताईला मिळाली, तेव्हा मी चकार शब्द काढला नाही, आणि आजही काढणार नाही. पण उभी गाडी सडते. टायर बसतात, उंदीर वायरी खातात. तुम्ही चालवणार असाल तर खुशाल ठेवा. नसाल तर मला द्या. मी चालवीन."

"मी चालवीन," सुतार म्हणाला.

विचार करायच्या आधीच ते तोंडातून निघून गेलं होतं. मेहुणीने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. तिला त्यात बराच वेळ लागला, कारण सुतार ताडमाड होता. गावातल्या निम्म्या घरांच्या चौकटी त्याने बसवल्या होत्या आणि त्यासाठी त्याला कधी स्टूल लागलं नव्हतं.

"तुम्ही मावता का त्यात?"

"बघू."

"ताई तर म्हणायची, यांचे पाय मावत नाहीत."

"बघू म्हटलं ना."

"ठीक आहे." मेहुणी उठली. "पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी माझ्याकडे जेवायला या. गाडीने या. स्वतः चालवत आलात तर गाडी तुमची, मी पुन्हा विषय काढणार नाही. बसने आलात तर जेवण झाल्यावर मी तुमच्याबरोबर इथे येईन आणि गाडी घेऊन जाईन. चालेल?"

चालेल म्हणण्यावाचून इलाज नव्हता. मागणी रास्त होती. शिवणाचं यंत्र द्यायला त्याला क्षणभरही लागला नव्हता, मग गाडीच का अडली, हे मेहुणीने विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. तिने विचारलं नाही.

ती गेल्यावर तो शेडमध्ये गेला आणि चालकाच्या बाजूचं दार उघडलं. आत बसणं हे एक कामच होतं. आधी कंबर आत घालायची, मग मान वाकवायची, मग एकेक पाय हाताने धरून उचलून आत घ्यायचा. बसून झाल्यावर दोन्ही गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही अंगांना जाऊन टेकले. सीटखालची दांडी ओढून त्याने सीट मागे रेटली. ती होती तिथेच राहिली. मागची हद्द तिने केव्हाच गाठली होती. स्टिअरिंग डावीकडे वळवायला गेलं तर ते मांडीत अडे. क्लचवर पाय ठेवायला गेलं तर गुडघा डॅशबोर्डला लागे. शिवाय पाठीत, खांद्यांच्या खाली, काहीतरी टोचत होतं.

असा तो पूर्वी एकदाच बसला होता.

लग्न झालं त्या वर्षी तो ज्या कारखान्यात दारं-खिडक्या करायचा, तिथल्या शेठचा टेम्पो चालवायचा. परवाना होता, हातही बरा होता. खोड एकच. रस्त्याच्या कडेला एखादं चांगलं दार दिसलं की त्याची मान तिकडे वळे आणि दार मागे पडेपर्यंत सरळ होत नसे. नव्या बायकोला शेजारी बसवून तो एकदा माल पोचवायला निघाला. वाटेत एका घराला दोन फळ्यांचं दार होतं. मधल्या पट्टीचा सांधा अशा बेमालूम जोडणीचा की कुठे संपला ते कळू नये. तो सांधा कुठे संपतो हे बघता बघता टेम्पो वाळूच्या ढिगात गेला. कुणाला काही लागलं नाही. बायकोने पदर झटकला, केसांतली वाळू काढली आणि एका अक्षरानेही त्याला बोलली नाही. शेठ मात्र बोलला, आणि टेम्पोची चावी त्याने काढून घेतली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बायको एका सुट्टीच्या दिवशी म्हणाली होती, "चला, आज बाबांची गाडी तुम्ही चालवा."

तो खूश झाला. बसला. गुडघे अडकले. बायकोने खिडकीतून वाकून पाहिलं होतं आणि अगदी हळहळून म्हणाली होती, "अरेरे."

एवढंच. "अरेरे. फारच लहान गाडी आहे हो."

उलट त्यानेच तिची समजूत घातली होती. असू दे, त्यात काय, तूच चालव. आणि मग आयुष्यभर तिनेच चालवली. तो शेजारी बसे आणि दारं बघे. नुसती बघतही नसे, तिला सांगे. "आता उजवीकडे एक येतंय बघ, वर कमान आहे." ती म्हणे, "हं," आणि गिअर बदले. तिने मान कधी वळवली नाही. त्याच्या सांगण्यावरूनच तिला गावातलं दारन् दार पाठ झालं होतं.

सुतार हाताने एकेक पाय बाहेर काढत गाडीतून उतरला आणि त्याने फिटरला निरोप धाडला.

फिटर म्हणजे त्या गाडीचा घरचा वैद्यच. सासऱ्यांच्या वेळेपासून गाडी त्याच्याच हाताखाली. आता वय झालं होतं, गॅरेज जावई बघायचा, पण या गाडीला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. सुतार आणि तो एकमेकांना मिस्त्रीच म्हणत.

"मिस्त्री, मला यात बसायचंय," सुतार म्हणाला. "पायाला जागा करून द्या."

फिटरने सुताराकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग पुन्हा सुताराकडे. "चालवणार?"

"हो."

"तुम्ही?"

"का, परवाना आहे माझ्याकडे. हिनेच दर वेळी नवा करून घ्यायला लावला. म्हणायची, असू द्यावा."

"म्हणायच्या का?" फिटर जरा हसल्यासारखा झाला आणि लगेच गंभीर झाला. "असं बघा. दोनतीन उपाय आहेत. लहान स्टिअरिंग बसवता येईल. बसायची गादी खाली घेता येईल. नाहीतर पाठीची गादी पातळ करता येईल, म्हणजे तुम्ही तेवढे मागे जाल."

"सीटच मागे घेतली तर?"

"ती पार मागे आहे."

"रुळावर मागे आहे. रूळच मागे घेतले तर? चार बोल्ट आहेत. पत्र्याला नवी भोकं पाडायची."

"छे छे," फिटर म्हणाला. "जुना पत्रा. नवी भोकं पाडली की कमजोर होतो. तो विचार नको." आणि कधी नव्हे ते एवढ्या घाईने बोलला की सुताराने मान वर करून पाहिलं. "आधी पाठीची गादी बघू. मी सीट काढून देतो, तुम्ही गादीवाल्याकडे घेऊन जा."

त्याने खाली वाकून सीट रुळांवरून सरकवत बाहेर काढली. रूळ गाडीच्या तळाला तसेच राहिले. सीट निघाल्यावर रुळांमागची रबरी चटई जराशी उचकटली होती. फिटरने ती हाताने दाबून, चारी कोपरे नीट बसवून जिथल्या तिथे केली. बायकोच्या हाताखाली तयार झालेला माणूस, नीटनेटकेपणाची सवय, असं सुताराला वाटलं.

गादीवाल्याचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. त्याने सीट टेबलावर आडवी टाकली, कव्हरची एका अंगाची शिवण उसवली आणि आत हात घातला. आत काथ्या होता, त्यावर कापूस, त्यावर गोणपाट.

"पुढून दोन बोटं काढता येतील," तो म्हणाला. "फार तर तीन. पण मग हा खळगा जाईल."

"कसला खळगा?"

"बसणाऱ्याचा. हात लावून बघा."

सुताराने तळवा फिरवला. पाठीच्या गादीत, खालच्या बाजूला, एक उथळ खोलगट जागा होती. तिच्या वरची कड घट्ट झाली होती. त्याच्या पाठीत टोचत होती ती हीच.

"एकाच माणसाचा आहे," गादीवाला म्हणाला. "बुटका माणूस असणार."

"बाई होती."

"तेच ते. आता नाही चालवत?"

"नाही."

"मग काढू?"

सुताराने हात काढून घेतला. तो म्हणाला, "राहू दे. शिवून टाक परत."

"अहो, मग आणलीत कशाला एवढी उचलून? तुमच्या पाठीला ही कड लागणार."

"लागू दे."

गादीवाल्याने दोरा ओवला. शिवता शिवता म्हणाला, "मग सीट मागे घ्या की. रूळ हलवा. सोपं काम आहे."

"फिटर नको म्हणतो. पत्रा कमजोर होईल म्हणे."

"त्या गाडीचा पत्रा?" गादीवाल्याने सुई थांबवली. "त्या पत्र्यावर घर बांधता येईल."

सुताराला हे पटलं. त्याने आयुष्यभर लोकांच्या भिंतींना भोकं पाडली होती. कुठलं भोक सोसतं आणि कुठलं नाही, याचा त्याला अंदाज होता. चार बोल्टांना घाबरायचं कारण नव्हतं. फिटर कशासाठी तरी अडून बसला होता, पण कशासाठी, ते त्याच्या ध्यानात येईना.

दुसऱ्या दिवशी फिटर लहान स्टिअरिंग घेऊन आला. शेडमध्ये येऊन बघतो तर सुतार गाडीत गुडघे टेकून बसलेला, कानावर पेन्सिल, बाजूला ड्रिल आणि पटाशी. रबरी चटई त्याने उचलून बाहेर टाकली होती.

"मिस्त्री, थांबा," फिटर म्हणाला.

"तुम्ही नका पाडू, मी पाडतो."

"मी काय म्हणतो, हे स्टिअरिंग एकदा लावून तर बघू. चांगलं आहे. लाकडी आहे, तुम्हाला आवडेल."

"लावू की. आधी हे होऊ दे."

चटईखाली काळं, जाड, दाबलेल्या लोकरीसारखं अस्तर होतं. ते पत्र्याला चिकटून बसलं होतं. सुताराने पटाशीने ते खरवडलं. खाली काळा रंग. टेप लावून त्याने पेन्सिलीने खुणा केल्या, एक वीतभर मागे, रुळांच्या सरळ रेषेत. मग सवयीने पटाशीच्या मुठीने खुणेवर ठोकून पाहिलं. लाकूड असो, भिंत असो, भोक पाडायच्या आधी तो नेहमी ठोकून बघे.

पत्रा वाजला. त्याने थोडं अलीकडे ठोकलं. तिथे पत्रा वाजला नाही.

त्याने पुन्हा ठोकलं. आवाज बसका आला, बोथट. हा आवाज तो झोपेतही ओळखू शकला असता. खाली लाकूड होतं.

शेडच्या दारात फिटर स्टिअरिंग पोटाशी धरून उभा होता. 

सुताराने रंग खरवडला. बोटाच्या पेराएवढा एक गोल दिसला. पटाशीचं टोक कडेने घालून त्याने तो हळूच उचकटला. लाकडी बूच होतं. खाली निमुळतं, वर चपटं, आणि वरच्या कडेखाली एक बारीक खाच. बूच काढायचं झालं तर चिमटीत धरता यावं म्हणून ती खाच असते. बाजारात मिळणाऱ्या बुचांना ती नसते. ती सुतार पाडायचा. तो एकटाच पाडायचा, आणि कारखान्यातले लोक त्याला त्यावरून हसायचे.

त्याने बूच उजेडात धरलं. सागवानी. सांध्याच्या कामातून उरलेल्या तुकड्याचं.

"तू चार बुचं करून देशील का?" हे त्याला ऐकू आल्यासारखं झालं असं म्हणता येणार नाही. त्याला फक्त आठवलं. लग्नाच्या वर्षीच. तेव्हा घरात दुसरं कुणी नसलं की ती त्याला तू म्हणायची. कशाला हवीत, असं त्याने विचारलं होतं. कुंड्यांना, ती म्हणाली होती. पाणी फार झिरपतं. तो म्हणाला होता, कुंडीचं भोक कुणी बुजवतं का, झाड कुजेल. ती म्हणाली होती, तू कर तर खरं. त्याने जीव लावून केली होती. नवीन नवरा होता. नंतर कुंड्यांकडे त्याने कधी पाहिलं नाही.

त्याने उरलेली तीन भोकं शोधून काढली. चारही बुचं निघाली. भोकं गोल, कडा गुळगुळीत. गाडीच्या कारखान्यातूनच पाडून आलेली.

"बोला," तो म्हणाला.

"मी काय बोलू?" फिटर आत येऊन उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसला. "तुम्हीच शोधलंत. मी सांगितलं नाही, हे बघितलंत ना तुम्ही?"

"बघितलं."

"बस्स. आता माझ्यावर बोल नाही." त्याने स्टिअरिंग बाजूला ठेवलं. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. "बाईंनी शब्द घेतला होता."

"ती गेली की आता."

"त्या गेल्या. पण शब्द मी दिला होता, आणि मी आहे अजून."

सुताराने यावर मान हलवली. ते त्याला बरोबर वाटलं.

"टेम्पो वाळूत घातला होतात ना तुम्ही," फिटर म्हणाला, "त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाई गाडी घेऊन गॅरेजात आल्या. म्हणाल्या, रूळ पुढे घ्या. किती पुढे, तर म्हणाल्या, उंच माणूस बसता कामा नये इतके. मी म्हटलं, बाई, तुमच्या वडिलांसाठी बरोबर जागेवर आहेत ते, आणि तुम्ही तर उशी घेऊन चालवताच. तर म्हणाल्या, पेडल मला जवळ पडतील, तेही काम होईल. मी म्हटलं, मालकांना सरळ सांगा ना, तुम्ही चालवू नका म्हणून. तर म्हणाल्या, सांगितलं तर ते ऐकतील, पण त्यांचा हिरमोड होईल. आणि दारं बघायचं सोडून देतील."

सुताराने एक बूच बोटांत फिरवलं.

"म्हणाल्या, नवरा नवा आहे, टिकवायचाय." फिटर हसला. "जुनी भोकं उघडी राहिली तर धूळ येईल, पाणी येईल, म्हटलं रबरी बुचं मागवतो. तर म्हणाल्या, नको, घरात कारागीर आहे."

"सासरे उंच होते?"

"तुमच्याहून एक बोट जास्तच."

"मी त्यांना पाहिलंच नाही. फोटोत बसलेले आहेत."

"मग मापाचा माणूस ना तुम्ही?" फिटर म्हणाला. "लोकांची दारं मापता. ही गाडी कुणासाठी होती, तो त्यात कसा मावत होता, हे एकदाही मनात आलं नाही?"

"तिने सांगितलं, लहान आहे."

"मग झालं."

त्या दुपारी त्यांनी रूळ जुन्या जागी नेऊन बसवले. बोल्ट सहज बसले, भोकं जणू वाट बघत होती. सीट रुळांवर चढवली आणि सुतार बसला. या वेळी पाय हाताने उचलावे लागले नाहीत. गुडघे स्टिअरिंगच्या खाली मोकळे राहिले, क्लच दाबला तर पाय सरळ झाला. पाठीत मात्र ती कड तेवढी लागत होती. लाकडी स्टिअरिंग फिटरने परत नेलं.

पुढची चार भोकं आता उघडी पडली होती.

"बुजवायला हवीत," फिटर म्हणाला. "बुचं आहेतच तुमच्याकडे."

सुताराने तीच बुचं पुसली आणि पुढच्या भोकांत बसवली. बोल्ट तेच, माप तेच. हातोडीने ठोकावी असं फिटर म्हणाला. सुताराने ती अंगठ्याने दाबली, हातोडी घेतली नाही. खाच वर राहील एवढीच दाबली.

मग काही दिवस सकाळी गावाबाहेरच्या रिकाम्या मैदानावर तो आणि फिटर जात. जाताना फिटर चालवी, मैदानावर सुतार. हात विसरले नव्हते. मैदानाला दार नव्हतं, त्यामुळे अडचणही नव्हती. "इथे तुम्ही पास," फिटर म्हणाला. "गावात बघू."

रविवारी सुतार एकटाच निघाला. मेहुणीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, म्हणजे सगळी गल्लीबोळं मधे. पहिला चौक त्याने मान ताठ ठेवून ओलांडला. दुसराही. त्याला डावी-उजवीकडची घरं जाणवत होती, पण नुसते रंग सरकल्यासारखी. पुढे रस्ता होता, सायकलवाले होते, आडवं जाणारं एखादं कुत्रं. तो रस्ता त्याने हजार वेळा पाहिला असेल, पण असा कधी पाहिला नव्हता. या रस्त्यावर एवढे खड्डे होते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. शेजारी बसून त्याला ते कधी लागले नव्हते.

तिसऱ्या वळणाच्या पुढे एक दार होतं. ते येतंय हे त्याला माहीत होतं, कारण ते त्याने स्वतःच केलं होतं, आणि त्या घरावरून जाताना तो दर वेळी तिला सांगायचा की याचा खालचा पाट, म्हणजे तळची आडवी फळी, जरा रुंद हवा होता. ती दर वेळी म्हणायची, "हं."

त्याने मान वळवली नाही. त्याने गाडीचा वेग कमी केला, कडेला घेतली, थांबवली, गिअर काढला, हँडब्रेक ओढला. मग मान वळवली. खालचा पाट खरंच जरा रुंद हवा होता.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला आणि बाजूने निघून गेलं. सुताराने दार पुरतं बघितलं आणि गाडी पुन्हा सुरू केली. त्यानंतर तो आणखी काही ठिकाणी थांबला.

मेहुणी फाटकात उभी होती. गाडी आत घ्यायला तिने फाटक पूर्ण उघडलं. सुतार नीट, दोन्ही पायांनी एकदम उतरला.

"किती उशीर, भावजी. मला वाटलं बस चुकली."

"वाटेत दारं होती."

तिने गाडीभोवती एक फेरी मारली. कुठे ओरखडा दिसतोय का बघत असावी. मग खिडकीतून आत पाहिलं. "मावलात कसे?"

सुताराने सांगितलं. फार सांगितलं नाही. रूळ, भोकं, बुचं, वाळूचा ढीग, कुंड्या. मेहुणीने तोंडावर हात ठेवला.

"ताईने तुम्हाला फसवलं," ती म्हणाली.

"हो."

"इतकी वर्षं. राग नाही आला तुम्हाला?"

"आला होता," सुतार म्हणाला. "घरून निघताना होता. मग दुसऱ्या चौकापर्यंत आलो तर माझ्या लक्षात आलं की डावीकडची एक अख्खी आळी मागे पडली आणि मला काहीच दिसलं नाही. तिला कधीच दिसली नसणार."

  मेहुणीने गाडीच्या टपावर हात ठेवला. "शब्द म्हणजे शब्द. गाडी तुमची. पण मी एकदा बसून बघू? बाबांच्या जागेवर कधी बसले नाही मी. ताई बसूच द्यायची नाही."

"बस की."

ती आत बसली. पाठ त्या खळग्यात बरोबर जाऊन बसली, अगदी माप घेऊन केल्यासारखी. ते सुताराने पाहिलं. मग तिने पाय पुढे केले. पाय पेडलपर्यंत पोचले नाहीत. तिने सीटखालची दांडी ओढून सीट पुढे घेतली, होईल तेवढी, आणि पुन्हा पाय लांब केले. चपलेचं टोक तेवढं क्लचला लागलं आणि निसटलं.

"भावजी," ती म्हणाली, "माझे पाय पोचत नाहीत."

पुढची चार बुचं तिच्या टाचांखाली, चटईच्या आत होती. अंगठ्याने दाबलेली, चिमटीत येतील अशी.

सुतार खिडकीतून वाकला आणि त्याने आत पाहिलं.

"अरेरे," तो म्हणाला.